भाडे भिंतींचे की निवाऱ्याचे?

गेल्या आषाढातली गोष्ट. फजरची नमाज आटोपून लोक पांगले होते आणि बाहेर पाऊस कोसळत होता. यंत्रमाग कारखान्यातील रात्रपाळी संपवून थेट मशिदीत आलेले एक गृहस्थ मागच्या सफमध्ये बसून राहिले होते. थोड्या वेळाने ते जवळ आले आणि म्हणाले, "मौलाना, एक मसला विचारायचा होता."

त्यांची खोली वरच्या मजल्यावर, गच्चीखाली आहे. सलग दोन पावसाळे स्लॅब गळत होता. पलंगालगतच्या भिंतीवर काळी बुरशी धरली होती. विजेच्या बोर्डापर्यंत ओल पोहोचली होती आणि धाकट्या मुलीला रात्री धाप लागत होती. मालकांना त्यांनी चार वेळा सांगितले होते. पहिल्यांदा 'पाहू', दुसऱ्यांदा 'पावसाळा संपू द्या' आणि नंतर नुसते मौन. आता त्यांचा प्रश्न असा होता: "या महिन्यापासून भाडे थांबवले, तर ते माझ्यासाठी हराम ठरेल का?"

दोन दिवसांनी इशाच्या नमाजनंतर घरमालक स्वतःच भेटले. तेही आमच्याच जमातीतले, पहिल्या सफमधले, हज करून आलेले. त्यांचे म्हणणे सरळ होते. "मी कोणाला बांधून ठेवलेले नाही. खोली पसंत नसेल तर सोडावी. आणि मौलाना, मालकाला त्याच्या मिळकतीची दुरुस्ती करण्याची सक्ती करता येत नाही, असे फिकहच्या किताबांतच आहे ना?"

मी दोघांनाही तत्काळ उत्तर देऊ शकलो नाही. भाडेकरूंच्या प्रश्नात वेदना होती, तर मालकांच्या प्रश्नात एक खरा फिकही आधार होता. वेदना आहे म्हणून प्रत्येक कृती योग्य ठरत नाही, आणि किताबात आधार आहे म्हणून प्रत्येक वर्तन अल्लाहला पसंत पडते असेही नाही. या दोन वाक्यांच्या मधली जागा शोधण्यासाठी मला पुन्हा किताबे उघडावी लागली. त्यातून जे हाती आले, ते वाचकांसमोर ठेवत आहे. भाड्याच्या घरात राहणारी आणि घर भाड्याने देणारी, अशी दोन्ही प्रकारची कुटुंबे हे मासिक वाचतात, याची मला जाणीव आहे.

भाडे नेमके कशाचे?

सूरह नहलमध्ये (१६:८०) अल्लाहने माणसावरील आपल्या कृपांची गणना करताना घराचा उल्लेख केला आहे. अल्लाहने आपली घरे आपल्यासाठी 'सकन' बनविली, असा त्या आयतीचा आशय आहे. सकन म्हणजे जेथे थकलेला देह आणि अस्वस्थ मन थांबते, स्थिरावते, शांत होते ते ठिकाण. आपल्या बोलण्यातला 'सुकून' हा शब्द याच धातूपासून आला आहे. घराची दुसरी ओळखही सांगता आली असती, म्हणजे चार भिंती, छप्पर, दार. कुरआनने मात्र घराची ओळख त्याच्या बांधकामावरून न सांगता त्यातून मिळणाऱ्या शांततेवरून सांगितली.

आता फिकहकडे वळू. भाड्याच्या व्यवहाराला शरीयतमध्ये 'इजारा' म्हणतात. विक्रीत वस्तूची मालकी बदलते. इजाऱ्यात वस्तू मालकाचीच राहते आणि ठरावीक मोबदल्यात तिचा उपयोग, म्हणजे 'मनफअत', दुसऱ्याला दिला जातो. घराच्या बाबतीत या उपयोगाला फुकहांनी 'सुकना' म्हणजे निवास हा शब्द वापरला. सकन आणि सुकना हे एकाच मुळाचे शब्द आहेत. भाडेकरू दरमहा जे पैसे मोजतो, ते विटा आणि सिमेंटचे मोल नसते. विटा तर मालकाच्याच राहतात. तो मोल मोजतो ते निवासाचे, निर्धोक झोपेचे, कोरड्या अंथरुणाचे. हा मुद्दा एकदा पक्का झाला की पुढच्या बऱ्याच गोष्टी आपोआप उलगडतात.

इमाम बुरहानुद्दीन मर्गीनानी (रह., मृत्यू हिजरी ५९३) यांची 'हिदाया' आपल्या मदरशांतून आजही शिकवली जाते. तीत हा नियम स्पष्टपणे येतो: भाड्याने घेतलेल्या घरात निवासाला बाधा आणणारा दोष निघाला, तर भाडेकरूला करार रद्द करण्याचा अधिकार आहे. त्याचे कारण विचार करण्यासारखे आहे. विकत घेतलेली वस्तू एकदाच ताब्यात येते, पण घराचा उपयोग क्षणाक्षणाने हाती येत असतो. म्हणून दोष सहा महिन्यांनी उद्भवला, तरी पुढच्या उपयोगाच्या दृष्टीने तो ताब्यापूर्वीचाच दोष मानला जातो. 'घर दिले तेव्हा ठीक होते, आता माझा काय संबंध?' हे म्हणणे या नियमापुढे टिकत नाही. मालक दर महिन्याला नव्याने निवास देत असतो आणि दर महिन्याला नव्याने मोबदला घेत असतो.

दुरुस्ती कोणाची?

कोकणातील आपले बहुसंख्य बांधव शाफई मसलकाचे आहेत. शाफई फिकहमध्ये इमाम नववी (रह., मृत्यू हिजरी ६७६) यांच्या 'मिन्हाजुत्तालिबीन' या ग्रंथाला मोठे स्थान आहे. त्यात घराच्या इजाऱ्याची विभागणी अगदी घरगुती भाषेत केली आहे. भाडेकरूच्या हाती किल्ली देणे मालकाचे कर्तव्य. घराची डागडुजी मालकाची. त्याने ती त्वरेने केली तर प्रश्न मिटला, अन्यथा करार ठेवायचा की मोडायचा हे भाडेकरूने ठरवावे. छपरावर साचलेले बर्फ काढणे मालकाचे काम, अंगणातले बर्फ आणि केरकचरा काढणे भाडेकरूचे. इमाम नववी शामचे, त्यामुळे त्यांच्या उदाहरणात बर्फ आले. रत्नागिरी-रायगडच्या कौलारू घरासाठी हाच नियम लिहायचा झाला, तर पावसाळ्याआधी कौले चाळणे मालकाकडे आणि अंगण झाडणे भाडेकरूकडे असेच लिहावे लागेल.

हनफी ग्रंथांतही वाटणी याच दिशेची आहे. छप्पर, भिंती, गिलावा, पन्हाळ, पाण्याची वाट, म्हणजे बांधकामाशी निगडित आणि निवासाला आवश्यक असलेले सारे काही मालकाकडे. रोजच्या वापरातून साचणारी राख, माती, कचरा भाडेकरूकडे. उस्मानी राजवटीत एकोणिसाव्या शतकात हनफी फिकहच्या आधारे जी 'मजल्ला' ही संहिता तयार झाली, तिनेही हीच विभागणी कलमबद्ध केली.

तेव्हा गळक्या स्लॅबची जबाबदारी कोणाची, या प्रश्नावर दोन्ही मसलकांत संदेह नाही. ती मालकाची आहे.

'सोडून जा' या उत्तराचे मोल

परंतु मालकांचा मुद्दा अजून उरतोच. दुरुस्ती त्यांची असली, तरी त्यांनी ती केली नाही तर काय? येथे हनफी फुकहांनी खरोखरच असे म्हटले आहे की, माणसाला स्वतःच्या मिळकतीची दुरुस्ती करण्यास भाग पाडता येत नाही. भाडेकरूला घर सोडण्याचा हक्क आहे. शिवाय त्याने घर घेतानाच दोष पाहून पत्करला असेल, तर तोही हक्क उरत नाही. आणि मालकाच्या परवानगीविना त्याने स्वतःच्या पैशाने दुरुस्ती केली, तर तो त्याचा उपकार समजला जाईल, खर्च मागता येणार नाही. आमचे हाजीसाहेब चुकीचे बोलत नव्हते.

मात्र याच हनफी परंपरेने आपल्याला आणखी एक भेद शिकवला आहे. 'कजा' म्हणजे काजीसमोर काय सिद्ध होते आणि काय लादता येते, आणि 'दियानत' म्हणजे बंदा आणि त्याचा रब यांच्यात काय खरे आहे. काजी जे लादू शकत नाही, ते सारे अल्लाहच्या दरबारात माफ झाले, असा अर्थ कोणत्याही इमामांनी काढलेला नाही. काजी बाह्य पुराव्यावर निर्णय देतो, अल्लाह मात्र अंतःकरण जाणतो.

भाडेकरूला 'सोडून जाण्याचा' हक्क देताना फुकहांनी एक गोष्ट गृहीत धरली होती. दुसरे दार उघडे आहे, ही ती गोष्ट. एका घरातून निघालेला माणूस दुसऱ्या घरात जाऊ शकत असेल, तर हा हक्क मोठा आहे. त्यापुढे मालकही नमतो, कारण रिकाम्या घराला भाडे मिळत नाही. आज आपल्या शहरांत ते दार किती उघडे आहे? नव्या घरासाठी अनामत रक्कम हवी, दलालाला एक महिन्याचे भाडे हवे, मुलांची शाळा जवळ हवी, कारखाना पायी जाण्याच्या अंतरावर हवा. त्यात अनेक ठिकाणी नाव ऐकताच 'खोली गेली' असे उत्तर मिळते, हा अनुभव या मासिकाच्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही. असा माणूस हिंडून पुन्हा आपल्याच मोहल्ल्यात येतो. येथे त्याला घर देणारा त्याचाच दीनी भाऊ असतो, आणि त्या भावालाही ठाऊक असते की याला दुसरीकडे जागा नाही.

दुसऱ्यांनी बंद केलेल्या दाराचा लाभ आपण उचलायचा, हे आपल्याला शोभते काय? सूरह निसामध्ये (४:२९) एकमेकांची संपत्ती अन्यायाने खाण्यास मनाई करताना अल्लाहने परस्परसंमतीच्या व्यापाराला त्यातून वगळले आहे. ज्याला 'नाही' म्हणण्याची सोयच उरलेली नाही, त्याच्या 'हो'ला पूर्ण संमती म्हणताना मालकाने स्वतःच्या मनाला दोनदा विचारावे.

आणि सूरह मुतफ्फिफीनचा आरंभ आठवावा. तेथे अशा लोकांचा धिक्कार आहे, जे घेताना माप पुरेपूर भरून घेतात आणि देताना कमी देतात. आपण ही आयत किराणा दुकानाच्या तराजूपुरती ठेवली आहे. महिन्याच्या पाच तारखेला भाडे पुरेपूर घेणारा आणि निवास मात्र निम्मा देणारा मालकही एका मापानेच व्यवहार करत असतो. त्याचे माप म्हणजे ती खोली. तीत पलंग ठेवायला कोरडी जागा उरली नसेल, तर माप कमी भरले आहे.

ओलसर धान्याची रास

सहीह मुस्लिममध्ये ह. अबू हुरैरा (रजि.) यांच्याकडून एक प्रसंग आला आहे. प्रेषित मुहम्मद (स.) बाजारातून जात असता धान्याच्या एका राशीपाशी थांबले. त्यांनी राशीत हात घातला तेव्हा बोटांना ओल लागली. त्यांनी विचारणा केली. विक्रेत्याने सांगितले की, धान्याला पाऊस लागला होता. त्यावर प्रेषितांनी (स.) त्याला विचारले की, मग ते ओले धान्य वरच्या बाजूला का ठेवले नाही, म्हणजे लोकांना दिसले असते. आणि फसवणूक करणाऱ्याशी आपला संबंध नाही, असे बजावले.

पाऊस पडणे हा त्या विक्रेत्याचा अपराध नव्हता. पावसाने भिजलेले झाकणे, हा अपराध होता. वैशाखात खोली दाखवण्यापूर्वी ओलीचे डाग पांढऱ्या रंगाखाली लपवणारे हात आणि ते कोरडे धान्य वर पसरणारे हात यांत मला अंतर दिसत नाही. 'घेताना पाहून घेतले होते' हा मालकाचा बचाव तेव्हाच खरा, जेव्हा पाहणाऱ्याला खरोखर पाहू दिले असेल.

भाडे थांबवावे काय?

आता भाडेकरूंच्या प्रश्नाकडे येऊ. येथे मला त्यांना आवडेल असे सोपे उत्तर देता आले नाही.

घरात राहायचे, त्याचा उपयोग घ्यायचा आणि कोणाला काही न सांगता सगळे भाडे बंद करायचे, ही वाट बरोबर नाही. 'हिदाया'तच पुढे म्हटले आहे की, दोष ठाऊक असूनही भाडेकरूने उपयोग घेतला, तर तो दोषाला राजी झाला असे समजून त्याला पूर्ण मोबदला द्यावा लागेल. सूरह माइदाचा आरंभ करार पाळण्याच्या आज्ञेने होतो. ऐपत असून देणे टाळणे हा जुलूम आहे, असे प्रेषितांनी (स.) सांगितल्याचे बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. शिवाय कोणाचे नुकसान करू नये आणि नुकसानाला नुकसानाने उत्तर देऊ नये, या आशयाची हदीस तर फिकहच्या पायाभूत सूत्रांपैकी एक आहे.

परंतु मौनालाच संमती मानता येते, तक्रारीला नाही. म्हणून भाडेकरूचे पहिले कर्तव्य बोलणे हे आहे, आणि बोललेले लिहून ठेवणे हे आहे. कुरआनमधील सर्वांत दीर्घ आयत (२:२८२) देण्याघेण्याचे व्यवहार लिहून ठेवण्याविषयी आहे. आपण मात्र 'आपसातलेच आहोत' म्हणून काहीही लिहीत नाही आणि मग आपसातच अबोला धरतो.

दुसरी गोष्ट देशाच्या कायद्याची. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा कायदा ३१ मार्च २००० पासून लागू आहे. त्याच्या कलम १४ नुसार, करारात वेगळे ठरले नसेल तर जागा राहण्यायोग्य स्थितीत ठेवण्यास घरमालक बांधील आहे. त्याने हयगय केली, तर भाडेकरूने किमान १५ दिवसांची नोटीस द्यावी. त्यानंतर वाजवी मुदतीतही काम झाले नाही, तर भाडेकरू स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. मात्र एका वर्षात वळती करावयाची रक्कम त्या वर्षाच्या भाड्याच्या एक-चतुर्थांशाहून अधिक असू नये. याच कायद्याच्या कलम २९ ने भाडेकरूचे पाणी, वीज यांसारख्या आवश्यक सोयी विनाकारण तोडण्यास मनाई केली आहे. भाड्याची लेखी पावती देणे मालकावर बंधनकारक आहे आणि करार लेखी करून नोंदवण्याची जबाबदारीही कलम ५५ ने मालकावरच टाकली आहे.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. आज शहरांत पुष्कळ घरे ११ महिन्यांच्या 'लिव्ह अँड लायसन्स' करारावर दिली जातात. असा राहणारा कायद्याच्या भाषेत सहसा 'भाडेकरू' ठरत नाही आणि त्याला कलम १४ चा आधार सहजी मिळत नाही. त्याचे संरक्षण त्याच्या करारनाम्यात असते. म्हणून सही करण्यापूर्वी गळती, नळ, वीज, रंग यांची दुरुस्ती कोणी आणि किती दिवसांत करायची, हे त्यात लिहून घ्यावे. मुसलमान आपल्या मान्य केलेल्या अटींना बांधील असतात, अशी हदीस आहे. पण बांधील राहण्यासाठी अट आधी असावी लागते.

कोणी विचारील, कायद्याने दिलेली वजावट शरीयतच्या दृष्टीने चालेल काय? फिकहचे एक प्रसिद्ध सूत्र आहे: रूढीने जे सर्वज्ञात आहे, ते कराराच्या अटीसारखेच असते. मालक आणि भाडेकरू दोघेही ज्या कायद्याच्या छायेखाली करार करतात, तो दोघांनाही लागू आहे हे दोघेही जाणतात. मालकाच्या परवानगीने केलेल्या आवश्यक दुरुस्तीचा खर्च परत मागता येतो, हे हनफी फुकहांनीही मान्य केले आहे. माझी नम्र समजूत अशी की, रीतसर नोटीस देऊन, मर्यादेत राहून, खर्चाच्या पावत्या दाखवून केलेली वजावट या परवानगीच्या कक्षेत येते. तथापि प्रत्येक प्रकरण वेगळे असते. नेमक्या प्रकरणाचा फतवा मुफ्तीसाहेबांकडूनच घ्यावा आणि कायद्याचा सल्ला वकिलांकडून.

तराजूचे दुसरे पारडे

भाडेकरूवर अन्याय होतो, तसा भाडेकरूकडूनही होतो, हे न सांगणे कमी माप देण्यासारखेच होईल. घर ही त्याच्या हाती असलेली अमानत आहे. मोरीत कचरा कोंबून ती तुंबवणे, परवानगीविना भिंत फोडणे, मुदत संपूनही मालकाची जागा अडवून धरणे, ही अमानतीतली खयानत आहे. दुसऱ्याची वीतभर जमीन बळकावणाऱ्याला हदीसमध्ये जी भयंकर चेतावणी आली आहे, ती खोलीलाही लागू पडते.

मुंबईच्या जुन्या चाळींचा प्रश्न याहून कठीण आहे. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीशी बांधली. युद्धोत्तर टंचाईत गरिबांना आधार देणारा तो उपाय होता. पण पुढे अनेक दशके भाडे जवळपास तेथेच राहिले आणि दुरुस्तीचा खर्च मात्र वाढत गेला. १९९९ च्या कायद्याने वर्षाला ४ टक्के वाढीची मुभा दिली, ती आधीच्या गोठलेल्या रकमेवर. हजारो रुपयांच्या निवासासाठी शेकड्यांत भाडे देणारा आणि मालकाने लाखोंची दुरुस्ती करावी असे म्हणणारा भाडेकरू, त्याची ऐपत असेल तर, त्यानेही सूरह मुतफ्फिफीन एकदा स्वतःसाठी वाचावी.

पण हा हिशेब होईपर्यंत इमारत थांबत नाही. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी, बकरी ईद दोन दिवसांवर असताना, भेंडी बाजारातील पाकमोडिया स्ट्रीटवरील जुनी इमारत कोसळली आणि तीसहून अधिक माणसे गेली. सप्टेंबर २०२० मध्ये भिवंडीत पहाटेच्या झोपेत असलेल्या कुटुंबांवर इमारत पडली. कोणत्या दुर्घटनेत दोष कोणाचा, हे ठरवण्याचे काम न्यायालयाचे आहे. आपल्यासाठी धडा एवढाच की, प्राणरक्षण हा शरीयतच्या मूलभूत उद्दिष्टांपैकी एक आहे आणि तो पैशाच्या वादाच्या आधी येतो. छत धोक्यात असेल, तर आधी माणसे बाहेर काढावीत, खर्चाची वाटणी नंतर करावी. मुंबई शहरातील १९६९ पूर्वीच्या उपकरप्राप्त इमारतींच्या दुरुस्तीसाठी म्हाडाचे स्वतंत्र मंडळ आहे. मालक आणि रहिवासी यांनी एकमेकांकडे बोट दाखवण्यापेक्षा दोघांनी मिळून त्याच्याकडे जाणे कितीतरी श्रेयस्कर.

मशिदीच्या मालकीच्या खोल्या

आणखी एका मालकाबद्दल लिहिल्याविना हा लेख प्रामाणिक होणार नाही. अनेक गावांत मशिदीच्या वक्फच्या मालकीच्या खोल्या आणि दुकाने आहेत. त्यांचे पत्रे फुटके असतात, मोऱ्या तुंबलेल्या असतात. भाडेकरू विचारायला गेला, तर 'अल्लाहचे घर आहे, सबर करा' असे उत्तर मिळते. त्याच वर्षी मिनारावर नवी रोषणाई होते.

'हिदाया'त वक्फच्या प्रकरणात स्पष्ट म्हटले आहे की, वक्फच्या उत्पन्नातून पहिला खर्च त्याच्या दुरुस्तीवर व्हावा, मग वक्फ करणाऱ्याने तशी अट घातली असो वा नसो. म्हणजे रोषणाईच्या आधी पत्रे. खाजगी मालकाला उपदेश करण्याआधी मशिदीच्या कमिटीने आपल्या खोल्यांची पाहणी करावी, आणि इमामाने कमिटीला हे सांगण्याचे धैर्य दाखवावे. हे वाक्य लिहिताना मी स्वतःलाच उद्देशून लिहीत आहे. आमच्या मशिदीच्या रंगकामाला त्याच हाजीसाहेबांनी मोठी रक्कम दिली होती. त्यांना उत्तर देण्यास मला जो उशीर झाला, त्याचे कारण फक्त किताबे नव्हती.

शेवटी मी त्यांच्या घरी गेलो. फिकहवर वाद घातला नाही. एक प्रसंग तेवढा सांगितला. हिजरतनंतर प्रेषित मुहम्मद (स.) ह. अबू अय्यूब अन्सारी (रजि.) यांच्या घरी उतरले होते. प्रेषित (स.) खालच्या मजल्यावर आणि यजमान पतीपत्नी वर. एके दिवशी वर पाण्याचे मडके फुटले. पाणी खाली ठिबकेल या भीतीने त्या दोघांनी आपले एकुलते एक पांघरूण जमिनीवर टाकून ते टिपून घेतले. हाजीसाहेबांना मी एवढेच म्हणालो की, खाली राहणारे प्रेषित (स.) होते आणि आपल्या गच्चीखाली राहते ती त्यांच्या उम्मतीतली एक मुलगी.

ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी गच्चीवर ताडपत्री आली आणि बोर्डाची वायरिंग बदलली गेली. दिवाळीनंतर ऊन पडल्यावर वॉटरप्रूफिंग झाले. पावसाळ्यातल्या दोन महिन्यांचे भाडे त्यांनी निम्मेच घेतले. भाडेकरूंनीही थकलेले बाकी भाडे चुकते केले आणि प्रथमच पावती मागून घेतली. सगळे सुरळीत झाले असे मी म्हणणार नाही. भिंतीवरचा डाग अजून आहे आणि दोघांमधला संकोचही. पण दोघे पुन्हा एका सफमध्ये खांद्याला खांदा लावून उभे राहतात.

तेव्हा घर भाड्याने देणाऱ्या वाचकांना विनंती आहे. पुढच्या महिन्याचे भाडे घेण्याआधी एकदा त्या खोलीत जावे, भिंतीला हात लावून पाहावे. प्रेषितांनी (स.) धान्याच्या राशीत हात घातला होता. आपल्याला आपल्याच भिंतीला हात लावायचा आहे. आणि भाड्याने राहणाऱ्यांना विनंती अशी की, हक्क मागावा, स्पष्टपणे आणि लिहून मागावा, पण मागताना स्वतःचे माप पुरेपूर ठेवावे.

अल्लाह आपल्याला देण्या-घेण्यात न्यायाने वागण्याची तौफीक देवो, आपली घरे आपल्यासाठी आणि आपल्या आधारावर राहणाऱ्यांसाठी खऱ्या अर्थाने 'सकन' बनवो, आणि ज्यांच्या डोक्यावर आज कोरडे छत नाही त्यांना ते लवकर लाभो. आमीन.